चंद्रकलाकाकूंचं ऊन

आदिलाबादजवळच्या गुडीहत्नूरच्या मराठी शाळेत माझी बदली झाली तेव्हा राहायला खोली मिळाली ती चंद्रकलाकाकूंच्या भिंतीला लागून. सामान अजून पोत्यातच होतं. पहिल्या सकाळी भिंतीवरून सांबाराची एक जुडी माझ्या अंगणात येऊन पडली (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात) आणि मागून आवाज आला, "ओ बाई, शिळा नाई बरं! आत्ताच उपटला. माती झटकून घ्या."

मी भिंतीवरून डोकावले. साठीच्या पुढची, उंच, वाळलेल्या तुराटीसारखी सरळ बाई. पाचवारी लुगड्यावर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेला. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. आमच्या भागात शेतात राबणाऱ्या बाया असा शर्ट घालतातच, पण काकूंचे शर्ट चांगल्या कापडाचे, शिवून घेतलेले वाटायचे. ते त्यांच्या नवऱ्याचे होते. तो वारल्यावर लोकांनी कपडे देऊन टाकायला सांगितले. काकूंनी ते एकेक करून शेतात नेले. "माणूस गेला, बाह्या राह्यल्या," त्या म्हणायच्या. "पेटीत ठेवून काय त्याले कसर लावू?"

हायवेच्या पलीकडे त्यांचा जमिनीचा एक लहानसा तुकडा होता. वांगी, भेंडी, मेथी, सांबार, कुंपणाला वाल. मुलगा गजानन मालाचा टेम्पो चालवायचा. काकू पहाटे शेतात जात, बाजाराच्या दिवशी भाजी घेऊन बसत, आणि गिऱ्हाईक नसलं तरी बोलत राहत. त्यांच्या भाजीपेक्षा त्यांच्या बोलण्याला गर्दी जास्त. कोणाच्या म्हशीनं दूध चोरलं, कोणाच्या पोरीला कोणतं स्थळ आलं, यावर त्यांचं मत ठरलेलं असे आणि बहुतेक वेळा तेच गावाचं मत होई. पुढे जे घडलं ते समजायला ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. चंद्रकलाकाकू हसल्या की गाव हसत असे.

आणि काकू सगळ्यात जास्त कशाला हसत, तर दवाखान्याच्या उपदेशाला.

एका मे महिन्यात भोंगा लावलेला ऑटो गावात फिरत होता. आधी तेलुगूत, मग हिंदीत तेच तेच: ऊन फार आहे, अकरा ते चार घराबाहेर पडू नका. काकू बाजारातून रिकामी टोपली घेऊन परतत होत्या. त्या थेट ऑटोसमोर उभ्या राहिल्या.

"भाऊ, आता किती वाजले?"

"साढेबारा, अम्मा."

"मंग तू काऊन फिरून राह्यला? तुले कोनी सांगतलं नाई काय?"

तो पोरगा खजील होऊन हसला. "ड्यूटी है अम्मा."

"माहीबी ड्यूटीच हाये. भेंडीले सांगतो मी, अकराले झोप अन् चारले ऊठ."

बघणारे सगळे हसले. पण काकू तिथून हलल्या नाहीत. त्यांनी त्या पोराच्या गळ्यातला रुमाल ओढून घेतला, शेजारच्या घरून पाणी मागून तो भिजवला आणि त्याच्या डोक्यावर टाकला. मग स्वतःच्या घरी नेऊन त्याला ताक पाजलं. ऑटो तासभर त्यांच्या दारात उभा होता, भोंगा बंद.

गंमत अशी की मेच्या उन्हात काकू स्वतः कधी मिरवत नसत. दुपारी त्या बांधावरच्या कडुनिंबाखाली आडव्या असायच्या. ऊन काय असतं ते त्यांना कळत होतं. त्यांना खुपायचं ते सांगणाऱ्याचं सांगणं. "जो उन्हात उभा राहून सांगते, त्याचं मी ऐकतो," असं त्यांचं एक वाक्य होतं. "पंख्याखालून कोनीबी सांगन."

त्या असं का बोलतात ते मला बऱ्याच उशिरा कळलं. एका दुपारी शाळा लवकर सुटली होती. काकू कडुनिंबाखाली वालाच्या शेंगा निवडत होत्या, मीही निवडायला बसले. कुठून तरी लेकरांचा विषय निघाला. मी म्हणाले, "काकू, तुम्हाला गजानन एकटाच का?"

त्यांनी शेंग सोलायची थांबवली नाही.

"पैली पोरगी होती. मीरा. मी तवा दुसऱ्या गावात होतो. अंगावरचं दूध कमी येत होतं का मलेच तसं वाटत होतं, देव जाने. दवाखान्यातला एक मानूस म्हने, डब्याचं पाजा, तेच चांगलं. तिथंच भितीवर चित्र बी होतं. गोरं गुटगुटीत लेकरू, अन् हातात बाटली. मले वाटलं, माही पोरगी बी तशीच होईन. पावसायात जुलाब लागले. गेली."

काकूंनी सोललेल्या शेंगांची टरफलं बाजूला सारली.

"मंग गजानन पोटात होता तवा त्याच दवाखान्यात गेली. तीच भित. अन् त्या भितीवर काय, तर बाटली, अन् तिच्यावर लाल फुली. बाटलीचं पाजू नका म्हने. मी पुसलं, हे कवा बदललं? तो मानूस म्हने, वरून आलं." काकूंनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "वरून तं ऊनबी येते बाई, पाऊसबी येते. पन ते घरोघरी येते. हे सांगाले माह्या घरी कोनी आलं काय? आमी चुकलो, बाई, असं म्हनाले कोनी आलं काय?"

मी पुढची शेंग उचलली.

गजाननला त्यांनी लस मात्र टोचून घेतली होती. का, तर टोचणारी बाई आपलं स्वतःचं तान्हं लेकरू कडेवर घेऊन आली होती आणि आधी तिनं त्याला टोचून घेतलं. "ते मले पटलं," काकू म्हणाल्या. बाकी गोळ्या, पुड्या, पत्रकं, जे जे दवाखान्यातून यायचं ते त्यांच्या घरात एका खुंटीला टांगलेल्या पिशवीत जायचं आणि तिथंच राहायचं. काकू ते फेकायच्या नाहीत. देणाऱ्या बाईचा अपमान नको म्हणून.

देणारी बाई म्हणजे ललिता, आमच्या गल्लीची आशा कार्यकर्ती. काकू तिला चहा द्यायच्या, मेथीची जुडी द्यायच्या, तिच्या सासूच्या गुडघ्याची चौकशी करायच्या, आणि तिचं एक अक्षर ऐकायच्या नाहीत.

पुढे पंचायतीच्या हॉलात तपासणीचं शिबिर झालं. ललितानं हातापाया पडून काकूंना नेलं. रक्त घेतलं. काही दिवसांनी निकाल आला की काकूंच्या अंगात ड जीवनसत्त्व कमी आहे. गोळ्या दिल्या, आणि ते उन्हातून मिळतं, उन्हात बसत जा, असंही कोणीतरी समजावलं.

त्या बाजारात काकूंनी भाजी विकलीच नाही म्हटलं तरी चालेल.

"आइका वं बायांनो! माह्यात ऊन कमी हाये म्हने! माह्यात! उन्हात जल्मली, उन्हात वाढली, पऱ्हाटीच्या वावरात बाळंत व्हाची पाळी आली होती, अन् हे मले सांगतेत उन्हात बस!" त्या हसून हसून खोकायला लागल्या. भोवतालच्या बाया पोट धरून हसत होत्या. मीही हसले, कारण मलाही ते खरंच हास्यास्पद वाटलं. त्या शिबिरात आणखी कितीतरी बायांना तेच सांगितलं होतं. त्यांनीही आपापल्या गोळ्या ठेवून दिल्या. चंद्रकलाकाकूंच्या अंगात ऊन कमी निघतं म्हणजे तपासणीच खोटी, हे साऱ्या गावाला पटलं.

त्याच सुमाराला गजाननची बायको अर्चना बाळंत होऊन माहेराहून आली होती. माहेर मंचेरियलचं. वडील कोळशाच्या खाणीत, त्यामुळे ती क्वार्टरमध्ये वाढलेली, गोरी, अबोल पोरगी. शिवणाचं काम छान करायची. दिवसभर आतल्या खोलीत मशीनवर ब्लाउज शिवत बसे. बाळाचं नाव सोनू.

बाळंतपणानंतर अर्चनाचं अंग दुखू लागलं. कंबर, मांड्या, बरगड्या. जमिनीवरून उठताना ती चौकट धरायची, मग भिंत, मग उभी राहायची. चालताना एका बाजूला झुकत चालायची. गल्लीत बोलणं सुरू झालं. एका बारशाला काकूंच्याच नात्यातली एक बाई सगळ्यांदेखत म्हणाली, "कोयशाच्या गावची रानी हाये. बसल्या जागेवरून उठवत नाई तिले."

अर्चना मान खाली घालून बसली होती. काकू उठल्या. हातातली घुगऱ्यांची वाटी त्यांनी खाली ठेवली.

"तिचं दुखते म्हन्ते, तं दुखते. दुखनं काय तुमाले इचारून येते काय? माही सून खोटं बोलत नाई. जो कोनी तिले आळशी म्हनन, त्यानं माह्या दारात पाय ठेवू नये."

सुनेची बाजू अशी भर बैठकीत घेणारी सासू मी दुसरी पाहिली नाही. आणि ते नुसतं बोलणं नव्हतं. त्या दिवसापासून पाणी काकूंनी भरलं, भाकरी काकूंनी थापल्या, बाळाचे लंगोटही त्यांनीच धुतले. रोज रात्री जेवणं झाली की त्या अर्चनाच्या मांड्यांना तेल चोळून देत. ललितानं आणलेल्या अर्चनाच्या गोळ्या आणि बाळाचे थेंब मात्र पिशवीतच गेले.

"लेकराले ऊन मी देतो," त्या ललिताला म्हणाल्या. "बाटलीत नाई राहत ते."

आणि खरंच देत होत्या. रोज उजाडलं की माझ्या अंगणातून दिसायचं: ओट्यावर काकू बसलेल्या, मांडीवर सोनू, तेलानं चोपडलेला, टोपडं घातलेला, शालीत गुंडाळलेला, आणि दोघांवर कोवळं ऊन. त्या त्याच्याशी बोलायच्या. वांग्यांची, पोपटांची, विहिरीतल्या कासवाची बातमी सांगायच्या. ते चित्र इतकं गोड होतं की मी चहाचा कप घेऊन मुद्दाम भिंतीपाशी उभी राहत असे.

सोनू उशिरा उभा राहिला. आणखी उशिरा चालू लागला. चालायला लागला तेव्हा त्याचे गुडघे एकमेकांपासून लांब राहत, आणि पाय कंसासारखे बाहेर वाकलेले. गजानन काळजीनं बघायचा. काकू म्हणायच्या, "माह्या सासऱ्याचे बी असेच होते. त्यायनं सारी जमीन नांगरली." पण एकदोनदा मी त्यांना सोनू झोपलेला असताना त्याच्या पिंढऱ्या हातानं हळूच सरळ करताना पाहिलं. चोळत होत्या, दाबत होत्या, आणि पुन्हा बघत होत्या.

एका बाजाराच्या दिवशी काकू भाजी घेऊन गेल्यावर अर्चना माझ्या दारात आली. सोनू कडेवर. तेवढं चालूनही तिला दम लागला होता.

"बाई, दवाखान्यात येता काय संगं? आत्याले नाई सांगतलं."

आत्या म्हणजे सासू. एवढंच म्हणाली. मी चप्पल घातली.

दवाखान्यात तेव्हा एक तरुण डॉक्टरीणबाई नव्यानं आल्या होत्या. तेलुगू बोलणाऱ्या, करीमनगरकडच्या. मराठी शिकत होत्या, चुकत होत्या, पण थांबत नव्हत्या. त्यांनी सोनूचे पाय पाहिले, मनगटं दाबून पाहिली, मग अर्चनाला खुर्चीवरून हात न टेकता उठायला सांगितलं. तिला उठता आलं नाही. एक्स-रेसाठी आदिलाबादला पाठवलं. गजाननच दोघांना टेम्पोत घेऊन गेला, आईला न सांगता. निकाल आला तो आम्हा सगळ्यांना भीती होती तसाच. सोनूला मुडदूस. आणि अर्चनाची हाडं मऊ पडलेली. आईच्याच अंगात ड जीवनसत्त्व नाही, म्हणून दुधातूनही बाळाला मिळालं नाही.

काकूंना हे दुसऱ्या कोणाकडून तरी कळलं. त्या शेतातून आल्या तशाच, अंगात शर्ट, डोक्यावर वांग्यांची टोपली, भर दुपारी दवाखान्यात शिरल्या. अर्चना आणि मी औषध घ्यायला तिथंच होतो. रांग होती. काकू रांग ओलांडून थेट टेबलापाशी.

"माह्या नातवाले काय लिहून देल्लं तुमी?"

"बसा अम्मा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मी बसत नाई. पैले सांगा. लेकरू रोज उन्हात असते. मी सोता घेऊन बसतो. मंग त्याले ऊन कमी कसं?"

मला वाटलं, आता भांडण होणार. पण डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि खुर्ची काकूंकडे वळवली.

"किती वाजता बसता?"

"उजाडल्यावर. कोवळ्या उन्हात."

"कपडे?"

"टोपडं, सोटर, शाल. सकाळी गार नाई काय!"

"अम्मा, कोवळं एंडा… कोवळं ऊन चांगलं. बाळाला ऊब येते. पण हाडाला जे पाहिजे, ते त्यात फार कमी. ऊन वर चढलं की मग ते येतं. आणि शालीतून आत जात नाही. अंगाला लागावं लागतं."

मग काकूंनी आपलं हुकमाचं पान टाकलं.

"बरं. मंग माहं सांगा. मी तं चढत्या उन्हात असतो. जनमभर. मले काऊन कमी?"

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि साधा प्रश्न विचारला. "ऊन तुम्हाला कुठं लागतं?"

"कुठं म्हन्जे? हे पाहा ना!" काकूंनी हात पुढे केला. काळा, भेगाळलेला, मेहनतीचा हात. आणि तो तसाच पुढे धरलेला असताना त्यांची नजर मनगटावर गेली. त्यांनी दुसऱ्या हातानं शर्टाचं बटण काढलं. बाही वर सारली. मनगटाशी एक रेघ होती, आखल्यासारखी. तिच्या खाली काळा हात. वर कोपरापर्यंत फिकट, मऊ, जणू दुसऱ्याच बाईची कातडी. काकू त्या हाताकडे बघत राहिल्या. रांगेतल्या बायाही बघत होत्या.

"ओ माय," काकू हळूच म्हणाल्या. "जिंदगीभर ऊन माह्या नवऱ्याच्या शर्टाले लागलं."

"तेवढंच कारण नसतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वयानं होतं, खाण्यानं होतं. आम्हाला सगळं माहीत नाही, अम्मा."

काकूंनी मान वर केली. "काय म्हनलं?"

"सगळं माहीत नाही. कोणाला किती ऊन पुरतं, यावर डॉक्टर लोकांतही वाद आहे. पण या बाळाच्या पायाचं माहीत आहे. थेंब द्या, आईला गोळ्या द्या. तो लहान आहे. पाय सरळ होतील."

"अन् नाई झाले तं?"

"तर मी तुमच्या घरी येऊन सांगेन, की माझं चुकलं."

त्या बाईंना मीराबद्दल काही ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते मला, आणि काकूंना. काकूंनी डोक्यावरची टोपली उतरवली, टेबलाच्या पायाशी ठेवली, आणि स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, "किती थेंब? मले नीट सांगा. मराठीत."

त्या संध्याकाळी मी डोकावले नाही. दुसऱ्या दिवशी अर्चनानंच मला सांगितलं. काकूंनी खुंटीवरची पिशवी काढली, ललितानं दिलेल्यातलं काय चालेल आणि काय जुनं झालं ते दवाखान्यात जाऊन दाखवून आणलं, आणि पहिली गोळी स्वतःच्या हातानं अर्चनाला दिली. "माय," त्या म्हणाल्या, "लोकायले सांगतलं, माह्या सुनेचं दुखते. अन् औषध मीच खुंटीले टांगून ठेवलं." अर्चना रडू लागली. काकू रडल्या नाहीत. त्यांनी तिचे पाय मांडीवर घेतले आणि तेल चोळायला बसल्या.

इथं एखादी बाई गप्प बसली असती. घरात औषध सुरू झालं, लेकरू सुधारेल, गावाला काय करायचंय? गाव विसरलंही असतं. पण पुढच्या बाजारात काकूंनी भाजी मांडली आणि उभ्या राहिल्या.

"बायांनो, आइका. मी डी ची मजाक केली होती. तुमी माह्यासंगं हसल्या. ते माहं चुकलं. माह्या नातवाचे पाय वाकडे झाले. ज्याच्या घरी गोळ्या पडल्या असतीन, त्यायनं दवाखान्यात जाऊन इचारा. अन् नुसतं घेऊ नका, इचारून घ्या. काऊन घ्याची, किती घ्याची. समजलं नाई तं पुन्हा इचारा."

भाजी घेणाऱ्या एका माणसानं खवचटपणे विचारलं, "काकू, तुमीबी सरकारच्या झाल्या काय?"

"मी सोनूची झाली," काकू म्हणाल्या. "तुले मेथी पाहिजे का नाई?"

बाजारात बोलून त्यांचं समाधान झालं नाही. जे बाजारात येत नाहीत त्यांचं काय? रोज संध्याकाळी एकेक गल्ली धरून त्या दारोदार गेल्या. टोपलीत थोडी वांगी असत, पण विकायला नव्हे. रिकाम्या हातानं कोणाच्या दारात जायचं नाही म्हणून. कोणी चहा केला, कोणी ऐकून घेतलं, कोणी तोंडावर हसलं. ज्या नातेवाईक बाईला त्यांनी दारात पाय ठेवू नको म्हटलं होतं, तिच्याही दारात गेल्या. तिच्याकडे सर्वांत जास्त वेळ बसल्या, कारण तिलाही त्या शिबिरात तेच सांगितलं होतं. मी एकदा म्हणाले, "काकू, आता पुरे. सगळ्यांना कळलं." त्या म्हणाल्या, "बाई, माह्या दारात कोनी नाई आलं. मी जातो."

मग हिवाळा आला, आणि काकूंनी आपल्या शेतात एक नवीनच प्रकार केला. गोळ्यांवर त्यांचा विश्वास बसला होता, पण उन्हावरचा काही उडाला नव्हता. अंगाला लागावं लागतं, हे वाक्य त्यांनी धरून ठेवलं होतं. आता गावातल्या बाईनं उघड्या हातापायांनी उन्हात बसायचं कुठं? ओट्यावर बसली की रस्ता. गच्चीवर बसली की शेजारी. काकूंनी वेलांसाठी ठेवलेले बांबू काढले, शेताच्या मधोमध रोवले, आणि त्यांना चारी बाजूंनी जुनी लुगडी बांधली. हिरवी, जांभळी, विटकी, कोणाकोणाकडून मागून आणलेली. आत चटया. वर नुसतं आभाळ.

पहिल्या दिवशी अर्चना आणि सोनू, आणि काकू. दुसऱ्या दिवशी ललिता आपल्या जावेला घेऊन आली. मग हळूहळू बाया येऊ लागल्या. स्वयंपाक उरकून, कापूस वेचणीच्या सुट्टीत, तान्ही लेकरं घेऊन. आत गेल्या की बाह्या वर, लुगडी गुडघ्यापर्यंत, केस मोकळे. लेकरं उघडी. काकू शेंगदाणे आणि तीळ कुटून ठेवत आणि प्रत्येकीच्या हातावर लाडू ठेवत. बांधावर कोणी पुरुष रेंगाळला की आतून काकूंचा आवाज जाई, "काऊन रे, तुह्यात बी कमी हाये काय? सांगू काय तुह्या मायले?" तो पळे.

गजाननला फार लाज वाटली. मित्र चिडवत होते. तो एकदा आईला म्हणाला, "आई, हे काय लावलं? लोक हसून राह्यले." काकू म्हणाल्या, "हसू दे. मीबी हसली होती."

एका रविवारी डॉक्टरीणबाई आल्या. शाळेला सुट्टी, म्हणून मीही तिथं होते. त्या लुगडं बाजूला सारून आत आल्या, चपला काढल्या, सलवार गुडघ्यापर्यंत वर केली आणि काकूंच्या शेजारी बसल्या. काकूंनी त्यांचे पांढरेफटक पाय पाहिले.

"तुमाले काऊन बसा लागते वं इथं?"

"माझंही कमी आलं, अम्मा. सकाळी अंधारात ड्यूटीला, दिवसभर आत."

काकू हसल्या. आधी तोंडाला पदर लावून, मग तोही सुटला. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, मागे हात टेकावा लागला. सगळ्या बाया हसत होत्या, डॉक्टरीणबाईही. "घ्या वं, लाडू घ्या," काकू म्हणाल्या, "डॉक्टरले बी आमच्याच शेतात या लागलं."

दवाखान्याशी त्यांचं नातं यामुळे गोड झालं असं कोणी समजू नये. रक्तदाबाच्या गोळीवरून त्यांनी डॉक्टरीणबाईंना पुढे जो त्रास दिला तो मी पाहिला आहे. गोळीचा रंग बदलला तरी जाब विचारत. एका पत्रकात रोज अमुक फळं खा असं लिहिलं होतं, ते त्यांनी परत पाठवलं, आमच्या बाजारात मिळतात ती फळं लिहा म्हणून निरोप देऊन. आणि त्यांचं बघून गावातल्या बायाही विचारू लागल्या. दवाखान्यात आता रांग हळू सरकते असं ललिता म्हणायची. तक्रार करायची, पण तोंडावर हसू असायचं.

फाल्गुन सरला तशी काकूंनी लुगडी सोडली, घड्या करून ज्याची त्याला परत दिली. बांबू वेलांना गेले. "आता पुरे," त्या म्हणाल्या. "आता ऊन आपल्याले खाते."

सोनूचे पाय एका दिवसात सरळ झाले नाहीत. कित्येक महिने काही दिसतच नव्हतं. काकू थेंब मोजून देत, आणि कधी कधी रागानं बाटलीकडे बघत. पण पुढच्या दिवाळीपर्यंत फरक अंगणातून दिसायला लागला. गुडघे जवळ आले. डॉक्टरीणबाईंना घरी येऊन चुकलं म्हणून सांगायची वेळ आली नाही. त्या आल्या, पण वांग्याची भाजी आणि ज्वारीची भाकर खायला. अर्चना चौकट न धरता उठू लागली. ज्या दिवशी ती पहिल्यांदा तशी उठली, त्या दिवशी काकूंनी तिला पुन्हा बसायला लावलं, आणि पुन्हा उठायला, आणि मला भिंतीवरून हाक मारली, "बाई, या, पाहा!" अर्चना लाजून आत पळाली. पळाली, हे काकूंच्याही नंतर लक्षात आलं.

मग माझी बदली नेरडीगोंड्याच्या बाजूला झाली. गुडीहत्नूर सुटलं. फोन होत असे, पण फोनवर काकू ओरडून बोलत आणि लगेच ठेवून देत.

गेल्या वर्षी मी आदिलाबादला एका कामासाठी चालले होते. बस गुडीहत्नूरजवळ आली आणि रस्ता ओलांडणाऱ्या माणसांसाठी थांबली. दुपारची वेळ. मी खिडकीतून पाहिलं, तर काकूंच्या शेताकडून तिघं येत होती. पुढे सोनू, हातात काठी, काठीनं धूळ उडवत. त्याच्या मागे अर्चना. डोक्यावर वांग्यांनी भरलेली मोठी टोपली, एक हात कमरेला, मान ताठ. आणि सर्वांत मागे चंद्रकलाकाकू, रिकाम्या.

त्यांना तसं चालताना मी कधी पाहिलं नव्हतं. हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. त्यांनी ते आधी पाठीमागे बांधले. मग पदर ओढला. मग रस्त्याच्या कडेला वाकून एक खडा उचलला आणि टाकून दिला. रस्ता ओलांडताना त्या दोन पावलं झपझप पुढे आल्या आणि टोपलीला आधार द्यायला हात वर नेला. अर्चनानं मागं न बघता काहीतरी म्हटलं. काकूंनी हात खाली घेतला. बस सुटली.